पहिल्या पिढीची लढाऊ जेट विमाने आणि त्यांच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती : महाराष्ट्र-गोव्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईतील दारूखाना येथे 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका मोडण्यास प्रारंभ झाला. ३१ जानेवारी १९९७ रोजी नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली ही नौका त्यानंतर काही वर्षे तरंगते संग्रहालय म्हणून मुंबईतच उभी होती. तिचे कायमस्वरूपी स्मारक व्हावे यासाठी झालेले प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. दारूखान्याच्या समोर, बंदरापलीकडे न्हावा-उरणचा किनारा आणि त्यामागे नवी मुंबई वसलेली आहे. ज्या नौकेच्या धावपट्टीवरून १९७१ च्या युद्धात 'सी हॉक' ही जेट विमाने उडाली, ती नौका याच बंदरात भंगारात निघाली.

लष्करी इतिहासाचे लेखन सामान्यतः मोहिमा, सेनानी आणि शौर्यपदके यांभोवती फिरते. यंत्र हे त्यात केवळ साधन म्हणून येते. ते यंत्र तसेच का घडवले गेले, त्याच्या घडणीत कोणती तडजोड होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका दुर्लक्षित साधनाकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते साधन म्हणजे छंदिष्टांनी तयार केलेली, रेडिओद्वारे नियंत्रित होणारी उडती प्रतिकृती. विद्वत्सभेत तिची गणना खेळण्यांत होते. तथापि पहिल्या पिढीच्या जेट विमानांपुरते पाहिले असता, चौथऱ्यावर उभे केलेले मूळ विमान जे सांगू शकत नाही ते ही प्रतिकृती सांगू शकते, असे येथे प्रतिपादन केले आहे. मात्र कोणत्याही ऐतिहासिक साधनाप्रमाणे तिचीही चिकित्सा करूनच साक्ष घ्यावी लागते.

प्रदेशातील जेट विमानांचा वावर

भारतीय हवाईदलात जेट युगाचा आरंभ १९४८ च्या अखेरीस ब्रिटिश बनावटीच्या 'व्हॅम्पायर' विमानांनी झाला. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात परवान्याने त्यांचे उत्पादन झाले. १९५३ मध्ये फ्रेंच 'उरागां' दाखल झाले आणि त्यास 'तूफानी' हे नाव मिळाले. त्याच दशकात 'मिस्तेर', 'हंटर' व 'नॅट' ही विमाने आली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत एका नवोदित राष्ट्राने दोन देशांकडून इतक्या विविध प्रकारची जेट विमाने घेतली, ही गोष्ट तत्कालीन परराष्ट्रनीतीवरही प्रकाश टाकणारी आहे.

या इतिहासात मराठी मुलखाचा वाटा बराच मोठा आहे. पुण्याचा लोहगाव तळ हा व्हॅम्पायर विमानांचा जुना मुक्काम. डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईत हवाई मोहिमेची सूत्रे पुण्याहून एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांनी हलवली. १८ डिसेंबर रोजी पुण्याहून निघालेल्या 'कॅनबेरा' बॉम्बफेकी विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर मारा केला, तर बेळगावजवळच्या सांबरा तळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळी येथील बिनतारी संदेश केंद्र निकामी केले. ज्या दाभोळीवर बॉम्ब पडले, तीच पुढे भारतीय नौदलाच्या जेट विमानांचे घर झाली. 'हंसा' हा नौदलाचा हवाई तळ १९६४ मध्ये तेथे हलवण्यात आला आणि पांढऱ्या वाघाचे चिन्ह मिरवणारी ३०० क्रमांकाची सी हॉक तुकडी तेथे नांदू लागली. डिसेंबर १९७१ मध्ये याच तुकडीने 'विक्रांत'वरून कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले केले. १९८३ मध्ये 'सी हॅरियर' आल्यावर सी हॉकचा काळ संपला. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून उभा राहिलेला मिग कारखाना हा याच कथेचा पुढचा अध्याय होय. तेथे घडलेल्या मिग-२१ विमानांची अखेरची तुकडीदेखील २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली.

आज या विमानांपैकी काय उरले आहे? १९९८ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक आहे, व्हॅम्पायरही आहे. भारतात अभिकल्पित झालेले पहिले लढाऊ जेट विमान 'मरुत' मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात व पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात पाहावयास मिळते. मुले त्याच्या पंखाखाली खेळतात, पालक छायाचित्रे घेतात. परंतु उघड्यावर उभ्या असलेल्या आणि पुन्हा कधीही न उडणाऱ्या या विमानांकडे पाहून, ते हवेत कसे वागत असेल याची कल्पना येत नाही. विमानाचा आकार हा हवेशी केलेला करार असतो. जमिनीवर उभ्या विमानात त्या कराराचा मजकूर दिसतो, अंमल दिसत नाही.

लाकूड आणि झोत

व्हॅम्पायरचे प्रथम उड्डाण २० सप्टेंबर १९४३ रोजी इंग्लंडमध्ये हॅटफील्ड येथे झाले. त्याचा आकार प्रथमदर्शनी विचित्र भासतो. मध्यभागी अंड्यासारखे आखूड धड, पंखांच्या मुळाशी हवा आत घेणारी दोन तोंडे आणि मागे दोन लांब दांड्यांवर तोललेली शेपटी. ही रचना शोभेसाठी केलेली नव्हती. त्याचे 'गॉब्लिन' इंजिन आरंभी जेमतेम १,२०० किलोंचा रेटा देत असे. इंजिनातून बाहेर पडणारा झोत लांब नळीतून नेला तर घर्षणामुळे त्यातील काही शक्ती वाया जाते. रेटा मुळातच कमी असताना ही गळती परवडणारी नव्हती. म्हणून अभिकल्पकांनी नळी शक्य तितकी आखूड ठेवली, धड तेथेच संपवले आणि शेपटीला दोन दांड्यांचा आधार दिला. सारांश, व्हॅम्पायरचा सगळा चेहरामोहरा हा अशक्त इंजिनाचा परिणाम आहे.

प्रतिकृतीकारांसमोर नेमकी हीच अडचण अनेक दशके होती. प्रोपेलरच्या विमानाची प्रतिकृती करणे तुलनेने सोपे, कारण पुढे छोटे इंजिन बसवले की मूळ रूप आणि मूळ तत्त्व दोन्ही साधतात. जेटच्या बाबतीत मात्र शक्ती आणायची कोठून? १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये 'जेटेक्स' नावाची घन इंधनाची छोटी नळकांडी विक्रीस आली. ती काही सेकंद रेटा देत आणि हलक्या मुक्तउड्डाण प्रतिकृतींपुरती पुरेशी ठरत. अमेरिकेत 'डायनाजेट' हे स्पंद-जेट इंजिन निघाले. त्याचा रेटा भरपूर होता, तसाच आवाज व उष्णताही. ते प्रामुख्याने तारेला बांधून वर्तुळात फिरवण्याच्या वेगस्पर्धांत वापरले गेले. अनेक छंदिष्टांनी तर सरळ जेट विमानाच्या नाकावर प्रोपेलर लावून वेळ भागवली. लांबून जेट, जवळून नाही, अशी ती गत होती.

खरा मार्ग सापडला तो 'डक्टेड फॅन'मध्ये, म्हणजे नळीत बसवलेल्या अनेक पात्यांच्या लहान पंख्यामध्ये. हा पंखा पुढून हवा ओढतो आणि मागून झोताच्या रूपाने सोडतो. परंतु त्याचा रेटाही मर्यादित आणि लांब नळीत होणारी गळतीही तीच. त्यामुळे प्रतिकृतीकार ज्या मूळ विमानांकडे वळले त्यांत व्हॅम्पायर अग्रभागी होते. १९४३ मध्ये हॅटफील्डच्या अभिकल्पकांनी कमी रेट्यावर शोधलेला तोडगा पुढच्या पिढ्यांतील छंदिष्टांना आयता उपयोगी पडला. या निवडीला स्मरणरंजन म्हणणे अपुरे आहे. समान अडचण असल्यामुळे समान आकार निवडला गेला, हे त्यामागील खरे कारण होय. तूफानीही याच कारणास्तव सोयीचे ठरते. त्याच्या नाकात एक गोल तोंड, शेपटीत एक गोल तोंड आणि दोहोंमध्ये हवेचा मार्ग आहे. ही मांडणी पाहणाऱ्याला साधी वाटते, पण वैमानिकाची बैठक त्याच मार्गात येत असल्याने मूळ विमानात जागेची किती ओढाताण झाली असेल हे प्रतिकृती बांधणाऱ्यालाच उमगते.

येथे सामग्रीचाही एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. व्हॅम्पायरचे धड संपूर्ण धातूचे नव्हते. प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड दाबून ते बनवले जात असे. याच कंपनीच्या 'मॉस्किटो' या युद्धकालीन विमानाची पद्धत त्यात पुढे चालू होती. बाल्सा म्हणजे प्रतिकृतीकारांचे नित्याचे लाकूड. भारतीय हवाईदलाचे पहिले जेट अंशतः त्याच लाकडाचे होते, हे ऐकून जेट म्हणजे निव्वळ पोलाद आणि ॲल्युमिनियम असे मानणारा विद्यार्थी चकित होतो. खऱ्या विमानाची सामग्री आणि खेळण्याची सामग्री यांत आज जी भिंत दिसते, ती १९४३ मध्ये उभी राहिलेली नव्हती.

१९८३ मध्ये ब्रिटनमध्ये रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती प्रथमच खऱ्या वायु-टर्बाइन इंजिनावर उडाली. त्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील कुर्ट श्रेक्लिंग या छंदिष्टाने घरगुती कार्यशाळेत बनवता येईल असे टर्बाइन सिद्ध केले. त्याच्या संपीडकाचे चाक लाकडी होते आणि त्यावर कार्बन तंतूंचे वेष्टन होते. त्यानंतर व्यापारी तत्त्वावर अशी इंजिने मिळू लागली. त्यांची अंतर्गत मांडणी लक्षणीय आहे. हवा दाबण्यासाठी एकच केंद्रोत्सारी चाक आणि मागे एकाच टप्प्याचे टर्बाइन. आजच्या लढाऊ विमानांच्या इंजिनांत अशी मांडणी आढळत नाही. तेथे अनेक टप्प्यांचे अक्षीय संपीडक असतात. गॉब्लिनमध्ये मात्र हीच मांडणी होती. फरक मुख्यतः आकाराचा आणि फेऱ्यांचा. गॉब्लिन मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेई, तर प्रतिकृतीचे टर्बाइन एक लाखाहून अधिक घेते. म्हणजे एकविसाव्या शतकातील छंदिष्ट जेव्हा आपल्या व्हॅम्पायरमध्ये टर्बाइन बसवतो, तेव्हा नकळत तो १९४३ चीच यंत्ररचना लघुरूपाने चालवत असतो. अभियांत्रिकीच्या इतिहासाचे इतके जिवंत प्रात्यक्षिक वर्गात दाखवणे कठीण.

भारतातील छंदाची परिस्थिती

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेचा प्रारंभ १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कोलकाता येथे झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत प्रतिकृतीबांधणी पोहोचवण्याचे सर्वांत स्थिर माध्यम तीच ठरली. स्थिर प्रतिकृती, तारेने नियंत्रित होणारी प्रतिकृती आणि रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती हे तिन्ही प्रकार छात्रसेनेच्या प्रशिक्षणात व वायुसैनिक शिबिरांतील स्पर्धांत समाविष्ट आहेत. हवाई शाखेचे अधिकारी म्हणून काम केलेल्या प्राध्यापकांना यातील खटाटोप परिचित असेल.

आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी इंजिने आणि रेडिओसंच मिळवणे दुरापास्त होते. कोलकात्यात तयार होणारी 'अरोरा' नावाची छोटी डिझेल इंजिने अनेकांचा आधार होती. बिनतारी उपकरण बाळगणे हीच परवान्याची बाब असल्याने रेडिओ-नियंत्रण हा छंद पैशाइतकाच कागदपत्रांचाही होता. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्याच सुमारास या पट्ट्यावर चालणारे नियंत्रणसंच, ब्रशविरहित विद्युत मोटारी आणि लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या स्वस्त होत गेल्या. फोमच्या तयार जेट प्रतिकृती मध्यमवर्गीय घरांत आल्या त्या यानंतर. एका अर्थाने प्रशासकीय अधिसूचनेने जे साधले ते अर्धशतकाच्या हौसेने साधले नव्हते.

प्रतिकृतीची साक्ष किती विश्वसनीय?

प्रतिकृती खोटेही बोलते, आणि तिचे खोटेपण अभ्यासकाला ओळखता आले पाहिजे. लघुपरिमाणात हवा मूळ प्रमाणात लहान होत नाही. म्हणून पंख किंचित जाड केले जातात आणि शेपटीचे क्षेत्र वाढवले जाते. पंख्याला मूळ तोंडांतून पुरेशी हवा मिळत नसल्यास धडाच्या पोटाला, सहज न दिसेल अशा जागी, जादा भोके पाडली जातात. त्यांना छंदिष्टांच्या बोलीत 'चोरभोके' म्हणता येईल. परंतु ही चोरीच उद्बोधक आहे. ज्या प्रतिकृतीला चोरभोके अधिक लागतात, तिच्या मूळ विमानात हवा आत घेण्याचा प्रश्न अधिक नाजूकपणे सोडवलेला होता, असा निष्कर्ष बहुधा चुकत नाही.

सी हॉकचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. त्याच्या 'नीन' इंजिनाचा झोत शेपटीतून बाहेर पडत नाही. नळी दुभंगून पंखांच्या मुळांमागे दोन्ही बाजूंना उघडते. त्यामुळे धडाचा मागील भाग इंधनाच्या टाकीसाठी मोकळा राहिला. समुद्रावरून उडून पुन्हा नौकेवरच परतावे लागणाऱ्या विमानाला प्रत्येक लिटर इंधन मोलाचे. प्रतिकृतीकाराला हीच दुभंगलेली नळी जाच करते. एका पंख्याचा झोत दोन वाटांनी वळवला तर रेटा घटतो. दोन लहान पंखे बसवले तर खर्च व वजन वाढते. अशी डोकेफोड केलेल्या माणसाला इंधनाच्या जागेसाठी सी हॉकमध्ये केवढी तडजोड केली गेली हे निराळे सांगावे लागत नाही. गोव्याच्या संग्रहालयात त्याच विमानापुढे उभा राहणारा पर्यटक ती दोन तोंडे पाहतो आणि पुढे जातो.

मरुतच्या बाबतीत साक्ष उलट दिशेने जाते. जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे घडलेल्या या विमानाने जून १९६१ मध्ये प्रथम उड्डाण केले. तत्पूर्वी, १९५९ मध्ये, त्याच आकाराचे पूर्ण मापाचे लाकडी ग्लायडर तयार करून डाकोटा विमानाने ते ओढत नेऊन हवेत सोडले गेले होते. भारतात अभिकल्पित झालेल्या पहिल्या लढाऊ जेटचे आद्य रूप म्हणजे इंजिनविरहित लाकडी प्रतिकृती, हे प्रतिकृतीला खेळणे समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मरुतच्या वाट्याला आलेली दोन 'ऑर्फियस' इंजिने मात्र त्याच्या देखण्या देहाला अपुरी होती. ज्या अधिक शक्तिशाली इंजिनाच्या भरवशावर अभिकल्प बेतला होता, त्याचा विकास निधीअभावी पूर्ण झाला नाही. मरुतच्या प्रतिकृतीत मात्र छंदिष्ट हवा तितका रेटा भरू शकतो. अशी प्रतिकृती टँक यांच्या कागदावरील मरुत दाखवते, हवाईदलाला मिळालेला मरुत नव्हे. इतिहास म्हणून ती अप्रामाणिक, आणि तरीही काय हुकले याचा तिच्याइतका सुस्पष्ट पुरावा दुसरा नाही.

रंगचिन्हांची बाबही गौण नाही. तयार मिळणाऱ्या व्हॅम्पायर प्रतिकृतींवर बहुधा युरोपीय हवाईदलांच्या खुणा असतात. घाऊक उत्पादकांच्या यादीत मरुत सहसा आढळत नाही. भारतीय चक्र रंगवायचे तर जुनी छायाचित्रे, तुकड्यांची चिन्हे, शेपटीवरील क्रमांक यांचा शोध छंदिष्टाला स्वतः घ्यावा लागतो. १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी छांब विभागात चार व्हॅम्पायर गमावल्यानंतर हे विमान आघाडीवरून मागे घेण्यात आले. त्या दिवशीच्या विमानाचा रंग नेमका कोणता, असा प्रश्न ज्याला पडतो तो माणूस दफ्तरखान्यात जाणाऱ्या संशोधकाचेच काम करत असतो, मग त्याच्या हातात पदवी असो वा नसो.

नवी मुंबईचे आकाश

उडत्या प्रतिकृतीची साक्ष घ्यायची तर ती उडवण्यास जागा हवी. १९७० मध्ये सिडकोच्या स्थापनेनंतर आखले गेलेले नवी मुंबई हे शहर सुरुवातीच्या दशकांत मोकळ्या भूखंडांचे, भरावाच्या जमिनींचे आणि पाणथळींचे होते. मुंबईत अशा छंदाला हवा असलेला मोकळा पट्टा मिळणे अवघड. खाडीपलीकडे निदान जमीन तरी होती. जेट प्रतिकृतीला गवताचे छोटे मैदान पुरत नाही, तिला धावण्यासाठी लांब, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. सेक्टरांची बांधकामे जसजशी पूर्ण होत गेली तसतसे असे पृष्ठभाग वाहनांचे झाले.

ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत प्रतिकृतींना स्वतंत्र स्थान मिळाले, ही समाधानाची बाब आहे. २५ किलोंपर्यंत वजनाची, शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी दृष्टीच्या टप्प्यात उडवली जाणारी प्रतिकृती प्रकार-प्रमाणपत्रातून मुक्त आहे. एक गमतीची गोष्ट अशी की, सुमारे ५,६०० किलो वजनाच्या व्हॅम्पायरची एक-षष्ठांश मापाची, वजनानेही तंतोतंत प्रमाणात असलेली प्रतिकृती जवळजवळ २६ किलोंची होईल आणि या सवलतीबाहेर जाईल. प्रत्यक्षात प्रतिकृती याहून पुष्कळ हलक्या बांधल्या जातात, म्हणून प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवतो तो आकाशाचा. त्याच नियमांनुसार कार्यरत विमानतळाच्या परिघापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीविना उड्डाणास मुभा देणारे हरित क्षेत्र नाही, आणि आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ते केवळ ६० मीटर उंचीपर्यंतच आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. विमानतळाभोवती आठ किलोमीटरची रेघ ओढली तर उलवे, पनवेल, बेलापूर आणि खारघरचा बराचसा भाग तिच्या आत येतो. प्रवाशांनी भरलेल्या विमानाच्या वाटेत कोणाचाही छंद येता कामा नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या हवाई शाखेने आपल्या मैदानावर व्हॅम्पायरची प्रतिकृती उडवायची ठरवली, तर आता मैदानाच्या लांबीआधी जागेचे क्षेत्र नकाशावर पाहावे लागेल, आणि त्यानुसार हवाई वाहतूक नियंत्रणाची वा केंद्र शासनाची परवानगी मागणारा अर्ज लिहावा लागेल.